‘चेंगराचेंगरी’ या शब्दाआड: कठडा, कुंपण आणि हिल्सबरोचे ९७ मृत्यू

१/ मैदानात, जत्रेत वा रेल्वेच्या पुलावर माणसे मेली की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यातला शब्द ठरलेला असतो: चेंगराचेंगरी. या शब्दाची घडणच अशी की मारणारा आणि मरणारा एकच ठरतो. माणसांनी माणसांना चेंगरले, विषय संपला. मग दार कोणी बंद ठेवले, कुंपण कोणी घातले, किती माणसांना कोणत्या वाटेने आत सोडले, हे विचारण्याची गरजच उरत नाही. ब्रिटनमधील फुटबॉल मैदानांचा गेल्या शतकाचा इतिहास या शब्दाला खोटे पाडतो. #धागा

२/ १५ एप्रिल १९८९. शेफील्डचे हिल्सबरो मैदान, एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलचे समर्थक संख्येने अधिक, तरी त्यांच्या वाट्याला मैदानाची लहान बाजू आली. लेपिंग्ज लेन हे त्या बाजूचे नाव. तिथे उभ्याने सामना पाहण्याची १०,१०० तिकिटे विकली गेली होती आणि त्या सर्वांसाठी फिरती दारे होती फक्त सात.

३/ हिशेब कुणीही करावा. एका फिरत्या दारातून तासाला साडेसातशे माणसे, असा आशावादी वेग धरला तरी १०,१०० माणसांना आत जायला जवळजवळ दोन तास लागतात. सामना तीनचा. म्हणजे एकच्या सुमारास माणसांचा ओघ सुरू होऊन एक क्षणही न थांबता चालू राहिला असता, तरच हे गणित सुटले असते. फुटबॉलचा प्रेक्षक असा कधी येतो? तो शेवटच्या अर्ध्या तासात येतो, हे इंग्लंडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तात्पर्य, दाराबाहेरची ती गर्दी दारूने वा बेशिस्तीने जमलेली नव्हती; ती तिकिटांच्या आणि दारांच्या हिशेबातच लिहिलेली होती.

४/ बाहेरचा दाब जिवावर बेतू लागला तेव्हा पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी ‘सी’ हे मोठे फाटक उघडले. पाचेक मिनिटांत दोन हजारांवर माणसे आत आली. समोरच मध्यभागी एक उतरता बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन पिंजऱ्यांत, क्रमांक ३ आणि ४ मध्ये, उघडत होता. हे पिंजरे आधीच भरलेले होते. बाजूच्या पिंजऱ्यांत मोकळी जागा होती, पण तिकडे वळवणारा माणूसही नव्हता आणि ठळक पाटीही नव्हती. आदल्याच वर्षी, १९८८ च्या उपांत्य सामन्यात, मधले पिंजरे भरताच पोलिसांनी बोगद्याचे तोंड बंद केले होते. १९८९ मध्ये ते कुणी केले नाही. त्या दिवशीचे प्रमुख अधिकारी डेव्हिड डकनफील्ड यांना ही जबाबदारी मिळून जेमतेम तीन आठवडे होत आले होते.

५/ पिंजरा हा शब्द इथे अलंकारिक नाही. पुढे मैदानाच्या बाजूला उंच जाळी, दोन्ही अंगांना आडवी जाळी, मागे भिंत आणि बोगदा. पुढच्या जाळीत मैदानाकडे उघडणारे एक अरुंद दार, तेही कुलूपबंद, आणि वरिष्ठांच्या परवानगीवाचून ते उघडायचे नाही असा पोलिसांना हुकूम. सुमारे १,६०० माणसे सुरक्षित उभी राहतील अशा जागेत ३,००० हून अधिक माणसे कोंबली गेली. पोलिसांचा नियंत्रण कक्ष त्याच कोपऱ्यात, पिंजऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर होता. खिडकीतून सारे दिसत होते.

६/ ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला. त्या एका दिवसात ९४ माणसे मेली. जखमी झालेल्यांतला एक मुलगा काही दिवसांनी, एक तरुण १९९३ मध्ये, आणि एक जण तब्बल ३२ वर्षांनी २०२१ मध्ये गेला. एकूण ९७. सर्वांत धाकटा दहा वर्षांचा होता.

७/ इथे थोडे थांबून दोन वस्तूंमधला भेद समजून घ्यावा लागतो, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. मराठीत दोहोंना सरसकट ‘अडथळा’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

८/ पहिली वस्तू म्हणजे कठडा: उतरत्या पायऱ्यांवर ठरावीक अंतराने रोवलेला, साधारण कमरेच्या वर येणारा लोखंडी आडवा दांडा. उतारावर उभ्या गर्दीत मागून आलेला रेटा पुढे सरकताना वाढत जातो. प्रत्येक माणूस आपले थोडे वजन त्यात घालतो. कठडा तो रेटा मध्येच तोडतो. मागच्या दहा रांगांचे ओझे पुढच्या दहा रांगांवर येऊ देत नाही. कठडा गर्दीसाठी असतो.

९/ दुसरी वस्तू म्हणजे कुंपण. ते रेटा तोडत नाही, साठवते. पाण्याला बांध घालावा तसे ते माणसांना अडवते, आणि बांधाला सांडवा नसेल तर काय होते हे धरणांच्या मुलखातील वाचकाला सांगायला नको. कुंपण गर्दीविरुद्ध असते.

१०/ एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर ती दाटीवाटीने का होईना, हलू शकतात. सहा-सातच्या पुढे गर्दी द्रवासारखी वागू लागते. माणसाची इच्छा संपते, लाटा उरतात. अशा गर्दीत लोखंडी कठडे वाकतात. हिल्सबरोमध्ये पिंजरा क्रमांक ३ मधला १२४ए हा कठडा मोडला तो असा. मरणारा बहुधा पायदळी तुडवला जात नाही. तो उभ्या उभ्याच मरतो, कारण छाती फुगायला जागा नसते. पळापळ, घबराट, तुडवणे ही सारी दृश्ये ज्या शब्दांतून डोळ्यांपुढे येतात, त्यांतले हिल्सबरोच्या त्या पिंजऱ्यात जवळजवळ काहीच घडले नव्हते. तिथे कुणाला पळताच येत नव्हते.

११/ आता मागे जाऊ. १९०२, ग्लासगोचे इब्रॉक्स मैदान, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. लाकडी पायऱ्यांचा नवा भाग खचला, माणसे खाली कोसळली, २५ मेली, पाचशेहून अधिक जखमी झाली. सामना थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

१२/ १९२३, वेम्बलीवरची पहिली एफए कप फायनल. अधिकृत आकडा १,२६,०४७. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसे असल्याचे अंदाज आहेत. सगळी तिकिटे आगाऊ विकलेली नव्हती. गर्दी मैदानात उतरली आणि घोडेस्वार पोलिसांनी ती हळूहळू मागे सारली. ‘बिली’ नावाच्या घोड्याची आख्यायिका झाली. मोठी जीवितहानी का टळली? पुढे कुंपण नव्हते, दाब गवतावर मोकळा झाला. इतिहासाने घोडा लक्षात ठेवला, मोकळे गवत विसरला. सरकारने नेमलेल्या शॉर्ट समितीने १९२४ मध्ये अहवाल दिला आणि कायदा न करता बहुतेक कारभार खेळाच्या संस्थांच्या सदिच्छेवर सोडला.

१३/ ९ मार्च १९४६, बोल्टनचे बर्नडेन पार्क. युद्ध संपून वर्षही झालेले नाही. फुटबॉलसाठी माणसे आसुसलेली. मैदानाचा एक भाग सरकारी साठवणुकीसाठी घेतलेला, म्हणून त्या बाजूची दारे बंद. सुमारे ८५,००० माणसे आली. दोन कठडे मोडले आणि ३३ जण गेले. प्रेते मैदानाच्या कडेला झाकून ठेवून, लाकडाच्या भुशाने नवी सीमारेषा आखून सामना पुरा करण्यात आला. निकाल ०-०.

१४/ मोएल्विन ह्यूज यांच्या चौकशी अहवालाने त्याच वर्षी सांगितले: प्रत्येक भागात किती माणसे मावतात ते शास्त्रीय रीतीने मोजा, आत येणाऱ्यांची यंत्राने गणती ठेवा, मैदानांना परवाने द्या. तसा कायदा १९७५ मध्ये आला. एकोणतीस वर्षे लागली, आणि तीही आणखी ६६ प्रेते पडल्यावर.

१५/ ती ६६ प्रेते २ जानेवारी १९७१ ची. पुन्हा इब्रॉक्स, रेंजर्स विरुद्ध सेल्टिक, १३ क्रमांकाचा जिना. शेवटच्या क्षणी गोल झाला, बाहेर पडलेले प्रेक्षक आरोळी ऐकून उलटे फिरले आणि वरून येणाऱ्यांवर आदळले, ही कथा आजही सांगितली जाते. चौकशीत ती टिकली नाही: सगळी माणसे एकाच दिशेला, खाली उतरत होती. मात्र कथा फार सोयीची होती. तिच्यात दोष उतावळ्या प्रेक्षकाचा होतो. त्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोन माणसे मेली होती, १९६७ आणि १९६९ मध्ये पुन्हा माणसे जखमी झाली होती, हे कथेत येत नाही. १९७४ मध्ये न्यायालयाने क्लबच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले. आख्यायिकेवर त्याचा परिणाम झाला नाही.

१६/ यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे: हुल्लडबाजी खरी नव्हती काय? होती. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या मैदानांवर मारामाऱ्या होत, प्रेक्षक मैदानात घुसत. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल मैदानात लिव्हरपूलच्या समर्थकांच्या एका गटाने हल्ला चढवला, भिंत कोसळली, ३९ माणसे मेली. त्यांतली बहुतेक इटालियन होती. हे झाकण्याचे कारण नाही. लिव्हरपूलकरांनीही ते झाकू नये.

१७/ आक्षेप मान्य करूनही प्रश्न राहतोच: हुल्लडबाजीवर उपाय म्हणून जे बांधले, ते कोणत्या कल्पनेतून बांधले? प्रेक्षक हा जनावर आहे, त्याला कोंडावे, या कल्पनेतून. याचे टोक म्हणजे १९८५ मध्ये चेल्सीचे अध्यक्ष केन बेट्स यांनी आपल्या मैदानावर विजेचा प्रवाह सोडलेले कुंपण घालण्याचा बेत केला. लंडनच्या महापरिषदेने परवानगी नाकारली म्हणून ते प्रत्यक्षात आले नाही. गुरांसाठी शेतात असते तसे कुंपण, तिकीट काढून आलेल्या माणसांसाठी.

१८/ आणि त्याच वर्षी त्याच देशाला विरुद्ध धडाही मिळाला होता. ११ मे १९८५, ब्रॅडफर्ड. लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षे साठलेल्या कचऱ्याला आग लागली. काही मिनिटांत सारा स्टँड पेटला. ५६ माणसे मेली, आणि त्यांतली पुष्कळशी मागच्या बंद दारांपाशी. हजारो वाचली, कारण स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये उंच कुंपण नव्हते. मागे कुलूप होते तिथे मरण, पुढे मोकळे होते तिथे जीवन. याहून स्वच्छ प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत करता आला नसता. कुंपणे मात्र चार वर्षे तशीच राहिली.

१९/ हिल्सबरोलाही स्वतःचा इशारा मिळाला होता, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत संतापजनक भाग हाच आहे. १९८१, तोच उपांत्य सामना, तेच मैदान, तीच लेपिंग्ज लेन. खेळणारे संघ टॉटनहॅम आणि वुल्व्ह्ज. पायऱ्यांवर असह्य दाब झाला. पोलिसांनी पुढची दारे उघडून माणसांना मैदानाच्या कडेला येऊ दिले. ३८ जखमी, मृत्यू शून्य.

२०/ या घटनेनंतर काय केले? पायऱ्या उभ्या जाळ्यांनी विभागून पिंजरे केले. १९८५ मध्ये आणखी जाळ्या घातल्या. १९८६ मध्ये बोगद्याच्या तोंडाजवळचा एक कठडा काढून टाकला. म्हणजे कुंपण वाढले आणि कठडा कमी झाला. मैदानाचा सुरक्षा परवाना १९७९ चा होता. इतके बदल होऊनही त्यातला क्षमतेचा आकडा कुणी बदलला नाही. पिंजऱ्यागणिक माणसे मोजण्याची सोय नव्हती. दार उघडल्याने माणसे वाचली, या अनुभवातून दार बंद ठेवण्याचा निष्कर्ष काढणारी यंत्रणा ‘दुर्घटना’ या शब्दाच्या आड लपू शकत नाही.

२१/ लपण्याचा प्रयत्न मात्र लगेच सुरू झाला. माणसे जाळीशी गुदमरत असतानाच डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांना सांगितले की प्रेक्षकांनी फाटक बळाने उघडले. फाटक त्यांच्याच हुकुमाने उघडले होते. हे खोटे होते, याची कबुली त्यांनी २०१५ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी, शपथेवर दिली. चार दिवसांत ‘द सन’ने पहिल्या पानावर, ‘सत्य’ अशा मथळ्याखाली, लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले असे छापले. त्या शहरात त्या वृत्तपत्रावरचा बहिष्कार आजही टिकून आहे.

२२/ मृतांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तपासले गेले. मुलांच्याही. हे वाक्य पुन्हा वाचावे.

२३/ लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालाने मुख्य कारण स्पष्ट नोंदवले: पोलिसांचे गर्दीवरचे नियंत्रण ढासळले. तरीही १९९१ च्या पहिल्या मृत्यू-चौकशीत निकाल आला ‘अपघाती मृत्यू’. दुपारी सव्वातीननंतरचा पुरावा ऐकायचाच नाही असे त्या चौकशीत ठरले होते. म्हणजे उपचार वेळेवर मिळाले असते तर कोण वाचले असते, हा प्रश्नच बाद. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले तेव्हा दिसले की १६४ पोलीस जबाबांत बदल करण्यात आले होते. त्यांपैकी ११६ मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर गाळला होता. वेळेवर मदत मिळती तर ४१ जण वाचण्याची शक्यता होती.

२४/ २६ एप्रिल २०१६ रोजी दुसऱ्या चौकशीतल्या ज्यूरीने निकाल दिला: हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे आहेत, आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात वाटा नाही. सत्तावीस वर्षांनी. त्यानंतर शिक्षा? २०१९ मध्ये डकनफील्ड निर्दोष सुटले. क्लबचे तत्कालीन सचिव ग्रॅहॅम मॅकरेल यांना सुरक्षेच्या कायद्याखाली ६,५०० पौंड दंड झाला. जबाब बदलल्याचा खटला २०२१ मध्ये कोसळला, कारण ते जबाब ज्या चौकशीसाठी होते ती न्यायालयीन कार्यवाहीत मोडत नाही, असे ठरले. फिरत्या दारांची कमतरता हा एकमेव विषय असा, की ज्यात कुणाला तरी शिक्षा झाली.

२५/ ‘पण धडा तर घेतला ना, सगळीकडे खुर्च्या बसवल्या’ असे म्हणणारे बरेच भेटतात. खुर्च्यांची शिफारस टेलर यांचीच, जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात. १९९४ पासून वरच्या दोन श्रेणींत ती सक्तीची झाली, कुंपणेही गेली. मृत्यू थांबले, हे खरे. पण टेलर यांनी खुर्च्यांच्या नावाखाली दर वाढवू नयेत असेही म्हटले होते. इब्रॉक्सवर बसण्याचे तिकीट ६ पौंड आणि उभ्याचे ४ पौंड असल्याचा दाखला दिला होता. क्लबांनी अहवालातला खर्चाचा भाग वाचला आणि दराचा विसरले. ज्या कामगार वर्गाची मुले पिंजऱ्यात मेली, त्यालाच नव्या सुरक्षित मैदानाचे तिकीट परवडेनासे झाले.

२६/ शिवाय उभे राहणे हाच गुन्हा असता, तर जर्मनीत काय झाले असते? तिथे उभ्याचे भाग टिकले. प्रत्येक रांगेला कठडा आणि घडीची खुर्ची असलेली मांडणी आहे. स्कॉटलंडमध्ये सेल्टिकने २०१६ मध्ये ती स्वीकारली, इंग्लंडने २०२२ मध्ये. इथे प्रत्येक रांगेपुढे कठडा आहे आणि मैदानापुढे कुंपण नाही. जे १९८१ मध्ये करायचे होते ते चाळीस वर्षांनी झाले.

२७/ इंग्लंडबाहेर हाच इतिहास अश्रुधुरासह येतो. लिमा, २४ मे १९६४: पोलिसांनी अश्रुधूर सोडला, जिन्यांच्या तळाची दारे बंद, अधिकृत आकडा ३२८. अक्रा, ९ मे २००१: अश्रुधूर, बंद दारे, १२० हून अधिक. इंडोनेशियातील मलंग, १ ऑक्टोबर २०२२: अश्रुधूर, अरुंद दारे, १३५. मैदानात अश्रुधूर वापरू नये हा फिफाचा नियम तेव्हा होताच. आणि कोलकाता, १६ ऑगस्ट १९८०: ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ जण गेले. त्या तारखेला तिथे आजही फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात, रक्तदान होते.

२८/ मराठी वाचकाला हा शब्दांचा खेळ परका नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळ अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात, पुढे पोलिसांचे अडथळे आणि वर लाठीमार अशा कोंडीत, ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले अधिक होती. सरकारी भाषेत ती चेंगराचेंगरी. सीताबर्डीच्या स्मारकावरचा शब्द मात्र ‘शहीद’ आहे. दोन शब्दांपैकी कोणता इतिहासाच्या अधिक जवळचा, हे ठरवताना हिल्सबरोचे कागद हाताशी ठेवावेत.

२९/ शेवटची नोंद पॅरिसची. २८ मे २०२२, चॅम्पियन्स लीगची फायनल. लिव्हरपूलचे समर्थक पुन्हा दाराबाहेर अडकले, पुन्हा अरुंद वाट, अश्रुधूर मुलांवरही. फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दारमानें यांनी सांगितले की तीस ते चाळीस हजार इंग्रज प्रेक्षक तिकिटाविना किंवा खोटी तिकिटे घेऊन आले होते. दारांवरच्या यंत्रांनी नोंदलेली खोटी तिकिटे २,६०० च्या आसपास होती. फेब्रुवारी २०२३ च्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी युएफाची ठरवली. मैदानावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण तपासता आले असते. पण ते सात दिवसांत कुणी मागितले नाही, म्हणून आपोआप पुसले गेले.